गाडीची पुढची काच बदलल्याच्या १८,४०० रुपयांच्या बिलाबाबत आमचे उत्तर

महोदय,

सप्रेम नमस्कार. आमच्या दुकानाला ऑनलाइन अभिप्रायात एकच तारा देताना आपण लिहिले आहे की, फोनवर ७,५०० रुपये सांगून प्रत्यक्षात १८,४०० रुपये घेतले, भोसरी-चाकणला काचा तयार होत असताना पुण्यातच एवढा दर लावला, विमा असूनही पैसे आपल्याला भरावे लागले आणि तासाभराच्या कामासाठी गाडी संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवली. अनपेक्षित खर्च अंगावर आला की कोणालाही चीड येते. तरीही बिलातील एकही रक्कम विनाकारण लावलेली नाही, आणि इतर वाहनधारकही हे वाचणार असल्याने प्रत्येक रकमेचा खुलासा येथे करीत आहे.

फोनवर आपण गाडीचे मॉडेल आणि साल सांगितले होते. त्या मॉडेलच्या प्राथमिक व्हेरियंटची (सर्वांत साध्या आवृत्तीची) काच बसवून ७,५०० रुपयांपर्यंत होते, आणि ‘वरचा व्हेरियंट असेल तर गाडी पाहिल्याशिवाय दर सांगता येणार नाही’ हेही त्याच वेळी सांगितले होते. एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या गाड्यांना तीन-तीन प्रकारच्या पुढच्या काचा असतात. एक साधी हिरवट काच, दुसरी पाऊस ओळखणाऱ्या रेन सेन्सरची जागा असलेली आणि तिसरी आरशामागे कॅमेरा बसवण्याचा ब्रॅकेट (पकड) कारखान्यातच चिकटवून आलेली. आपली गाडी तिसऱ्या प्रकारातील निघाली. गाडी पाहिल्यावर १८,४०० रुपयांचा अंदाज आम्ही आपल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, आपला होकार आला आणि त्यानंतरच जुन्या काचेला हात लावला. खरे तर फोनवर ठाम दर देणे हेच आमच्या धंद्यातील निम्म्या भांडणांचे मूळ आहे. पण दर सांगितला नाही तर गिऱ्हाईक फोन ठेवून देते, हीही वस्तुस्थिती आहे. म्हणून दर विचारणाऱ्यांना आमची विनंती असते की, चेसिस नंबर किंवा बाहेरच्या बाजूने आरशामागच्या भागाचा एक स्पष्ट फोटो पाठवावा.

बिलाचा तपशील असा आहे. काच १२,४०० रुपये, बीडिंग (काचेभोवतीची पट्टी) व क्लिपा ९०० रुपये, चिकटवण्याचे युरेथेन, प्रायमर व साफसफाईचे द्रावण मिळून १,४०० रुपये, मजुरी १,२०० रुपये आणि कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर अचूक जुळवणे, २,५०० रुपये. सर्व रकमा जीएसटीसह आहेत. यापैकी कॅलिब्रेशनची रक्कम आमच्याकडे राहत नाही. ते काम गाडीच्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करून घेतले असून त्यांची पावती आपल्या बिलाला जोडलेली आहे.

काच पुण्याजवळ तयार होते हे आपले म्हणणे बरोबर आहे. भोसरी आणि चाकण येथे सेंट-गोबेन सेक्युरिटचे कारखाने आहेत. मात्र कारखान्याच्या फाटकावर जाऊन एखादी काच विकत घेता येत नाही. काच आधी गाडीच्या कंपनीकडे किंवा वितरकाकडे जाते, तेथून उभ्या चौकटीत बांधून दुकानात येते आणि वाटेत कोपरा दुखावला तर ती भंगारात जाते. साध्या काचा खुल्या बाजारात सहज मिळतात, त्याच उत्पादकाच्या, फक्त गाडीच्या कंपनीचा लोगो नसलेल्या, आणि त्या आम्ही निःशंक मनाने बसवतो. आपल्या व्हेरियंटची ब्रॅकेटसह काच खुल्या बाजारात मिळाली नाही, त्यामुळे ती गाडीच्या कंपनीच्या सुट्या भागांतूनच मागवावी लागली.

शेजारच्या दुकानात ८,००० रुपयांत काम होत होते, असे आपण लिहिले आहे. त्या दुकानाबद्दल मी काही बोलणार नाही. पण त्या दरात येणारी काच ब्रॅकेट नसलेली असते आणि कॅमेरा मग त्यावर हाताने चिकटवावा लागतो. पुढच्या गाडीचे अंतर ओळखणे, लेन सुटल्यावर इशारा देणे, स्वतःहून ब्रेक लावणे ही सारी कामे या कॅमेऱ्याच्या मदतीने होतात. तो एका अंशाने तिरका बसला तर ५० मीटर पुढे त्याची नजर सुमारे ८७ सेंटीमीटर बाजूला जाते, म्हणजे शेजारच्या लेनमधील दुचाकी त्याला आपल्याच वाटेत दिसू शकते. काच बदलल्यावर कॅलिब्रेशन टाळू नये असा आमचा आग्रह असतो तो यासाठीच. मदतीची ही सगळी यंत्रणा कायमची बंद ठेवणार असल्याचे एखाद्या ग्राहकाने लिहून दिले तरी आम्ही कॅमेऱ्याच्या गाडीला बिनब्रॅकेटची काच बसवत नाही.

आता वेळेबद्दल. काच काढून नवी बसवण्याचे हातकाम दीड-दोन तासांत उरकते, हे खरे आहे. पण पुढची काच ही केवळ वारा-पाऊस अडवण्याची वस्तू राहिलेली नाही. कायद्याने ती लॅमिनेटेड असावी लागते, म्हणजे साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या दोन काचा आणि त्यांच्यामध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा. दगड लागला तरी तुकडे या पापुद्र्याला धरून राहतात. ही काच बॉडीला चिकटलेली असते, तिच्यामुळे छताला आधार मिळतो, आणि बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना वर जाऊन याच काचेवर टेकते व मग प्रवाशाकडे वळते. एअरबॅग फुटते त्या क्षणी काच अजून पक्की चिकटलेली नसेल तर काचच बाहेर निघून जाईल आणि एअरबॅगला टेकायला काही उरणार नाही.

आपली जुनी काच वायरने कापून काढल्यावर चौकटीवरचे जुने युरेथेन आम्ही सपाट छाटून जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवला, कारण नवे युरेथेन ताज्या कापलेल्या जुन्या थरावर सर्वांत चांगले धरते. डाव्या खालच्या कोपऱ्यात बीडिंगखाली गंजाचा नखाएवढा ठिपका होता; तो खरवडून उघड्या पत्र्यावर प्रायमर लावला आणि तो सुकू दिला. नव्या काचेच्या कडेचा काळा पट्टा पुसून त्यावरही प्रायमर दिला. त्यानंतर त्रिकोणी तोंडाच्या नळीने चौकटीभर सलग धार सोडली आणि दोघांनी सक्शन कपने काच उचलून एकाच वेळी टेकवली. काच एकदा टेकली की सरकवायची नसते, सरकवली तर धार मोडते आणि पहिल्याच पावसात डॅशबोर्डखाली पाणी येते. हे युरेथेन हवेतील ओलाव्याने घट्ट होते आणि किती वेळानंतर गाडी रस्त्यावर काढावी हे त्याच्या उत्पादकाने तापमान व आर्द्रतेनुसार ठरवून दिलेले असते. गाडी संध्याकाळपर्यंत थांबवली ती याच कारणाने, आणि त्यानंतर ती सर्व्हिस सेंटरला नेऊन कॅलिब्रेशन करून आणायची होती. गाडी देताना एक दिवस एक खिडकी बोटभर खाली ठेवावी, दारे आपटू नयेत आणि प्रेशर वॉशिंग करू नये, असे सांगितले होते ते आपण पाळले असेल, अशी आशा आहे. बंद गाडीचे दार जोरात आपटले की आतली हवा कच्च्या काचेला बाहेर ढकलते.

विम्याचा मुद्दा मात्र सविस्तर मांडावा लागेल, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. केवळ थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरता) विमा असेल तर काचेचा दावा होतच नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापला जात नाही, त्यामुळे निव्वळ काचेपुरता झिरो डेपचा (घसारा न कापण्याच्या जादा कव्हरचा) विशेष फायदा नाही. रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के घसारा लागतो आणि युरेथेनसारख्या वस्तू कन्झ्युमेबल्समध्ये (वापरून संपणाऱ्या वस्तूंत) धरल्या जात असल्याने त्यासाठी वेगळे कव्हर असावे लागते. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० रुपये आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये सक्तीने स्वतः सोसावे लागतात. दाव्याची सूचना काम सुरू होण्यापूर्वी द्यावी लागते आणि फुटकी काच गाडीवर असतानाच पाहणी किंवा फोटो व्हावे लागतात. आपण आमच्याकडूनच विमा कंपनीला फोन केला होता आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) जाईल हे कळल्यावर दावा न करण्याचा निर्णय घेतला होता.

आपल्या पॉलिसीचे आकडे येथे जाहीर करणे योग्य होणार नाही, म्हणून एक काल्पनिक उदाहरण देतो. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता १२,००० रुपये आहे आणि मालक ५० टक्के बोनसपर्यंत पोहोचला आहे. दावा केल्यास पुढच्या वर्षी बोनस शून्यावर येतो आणि नंतर २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढत ५० वर जातो. म्हणजे गमावलेली सवलत पहिल्या वर्षी ६,००० रुपये, नंतर अनुक्रमे ३,६००, ३,०००, १,८०० आणि ६०० रुपये, मिळून १५,००० रुपये. गाडीची विमा किंमत दरवर्षी उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष रक्कम यापेक्षा काहीशी कमी राहते. बहुतेक लोक फक्त पहिल्या वर्षाचे ६,००० रुपये धरतात. ७,५०० रुपयांच्या काचेसाठी असा दावा करणे आतबट्ट्याचे आहे. १८,४०० रुपयांसाठी गणित जवळजवळ बरोबरीत येते आणि बोनस २० टक्केच असेल तर बिनदिक्कत दावा करावा. पॉलिसीत बोनस संरक्षणाचे कव्हर असेल तर हा प्रश्नच उरत नाही, ते आधी पाहून घ्यावे.

फास्टॅग फाटल्याबद्दलही आपण एक ओळ लिहिली आहे. तो काचेवरून काढताना निकामी व्हावा अशीच त्याची रचना असते. बँकेकडून त्याच खात्यावर बदली टॅग मिळतो.

राहिला प्रश्न काच न बदलता तडा ‘रेझिन भरून’, म्हणजे त्यात घट्ट होणारा पारदर्शक द्रव भरून, थांबवण्याचा. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा लहान टवका असेल, तो चालकाच्या थेट नजरेसमोर नसेल आणि काचेच्या कडेपासून दूर असेल, तर आम्ही स्वतःच काच बदलू नका असे सांगतो आणि १,००० रुपयांत रेझिन भरून देतो. डंपरमधून उडालेल्या खडीचा टवका आपल्या काचेवर आठवडाभर होता, असे आपणच सांगितले होते. दुकानात गाडी आली तेव्हा तडा खालच्या कडेपर्यंत पोहोचला होता आणि कडेला गेलेला तडा रेझिनने थांबत नाही. टवका पडल्यावर त्यावर लगेच पारदर्शक चिकटपट्टी लावावी म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नये आणि दोन-चार दिवसांत दुकान गाठावे.

आपल्या गाडीचे अंदाजपत्रक, होकाराचा संदेश, काचेच्या कोपऱ्यावरील मार्किंगचा फोटो आणि कॅलिब्रेशनचा अहवाल आमच्याकडे जपून ठेवलेला आहे. काम चालू असलेल्या कोणत्याही दिवशी येऊन हे सर्व पाहावे. पाणी झिरपणे, वाऱ्याचा आवाज येणे किंवा बीडिंग उचलणे यांपैकी काहीही बसवल्यापासून एका वर्षात आढळल्यास दुरुस्ती विनामूल्य आहे, आणि हे बिलाच्या मागील बाजूस लिहिलेले आहे.

आपला नम्र,
दुकानमालक