सतराव्या ओवीवर थांबू नका

मंडळीच्या (चर्चच्या) ग्रुपवर सध्या बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा हवाला देणारा एक मेसेज फिरतोय: ‘दानीएल 3:17 – विश्वास पक्का असेल तर देव सोडवतोच. सुटका झाली नाही, तर विश्वास कच्चा.’ संदर्भ खरा आहे, पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे.

बाबेलच्या राजाने उभारलेला 60 हात उंच सोन्याचा पुतळा. त्याला नमन करायला शद्रख, मेशख आणि अबेद्नगो हे तीन यहुदी नकार देतात. नकाराची शिक्षा म्हणजे धगधगत्या भट्टीत टाकणं. ‘आमचा देव सोडवायला समर्थ आहे, तो सोडवील,’ असं ते 17व्या ओवीत म्हणतात खरं. पण 18वी ओवी मेसेजमधून गाळली आहे. तिचा आशय असा: आणि नाही सोडवलं, तरी आम्ही नमन करणार नाही. हे ते भट्टी सातपट तापवण्याआधी बोलतात. पुढे काय होणार, त्यांना ठाऊक नव्हतं. देवाच्या सामर्थ्याबद्दल शंका नाही, पण निर्णय त्याचा, हाच इथला विश्वास.

बायबलमधल्याच प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 12 बघा. राजा हेरोद येशूचा शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो, आणि त्याच अध्यायात तुरुंगातल्या पेत्र या दुसऱ्या शिष्याच्या बेड्या गळून पडतात. मग याकोबाचा विश्वास कच्चा होता म्हणायचं? (मेसेज लिहिणाऱ्यांनी उत्तर द्यावं.)

याच मेसेजच्या शेवटी ‘औषध म्हणजे अविश्वास’ असंही आहे. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या त्रासासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं, 1 तीमथ्य 5:23. तेव्हा कुणाच्या गोळ्या बंद करू नका.