तलावाच्या पाळीवर पेव्हर ब्लॉक नकोत

पूर्व विदर्भातल्या गावतलावांचे सौंदर्यीकरण करताना पाळीवर, म्हणजे काठच्या मातीच्या बांधावर, पेव्हर ब्लॉक बसवावेत, कडेने रेलिंग उभारावे, रात्रभर जळणारे दिवे लावावेत आणि असा ‘जॉगिंग ट्रॅक’ प्रत्येक तालुक्याला मिळावा, अशी मागणी हल्ली धावणाऱ्या मंडळींकडूनच होऊ लागली आहे. मी स्वतः धावतो, भंडारा-गोंदियाच्या तलावांकाठी धावणे हा माझ्या आठवड्यातला सर्वांत आनंदाचा भाग आहे, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, या मागणीला माझा स्पष्ट विरोध आहे.

धावण्यासाठी या भागाइतका अनुकूल मुलूख महाराष्ट्रात क्वचितच असेल. नागपूरहून साकोलीमार्गे कोहमाऱ्याला आले आणि तिथून नवेगावबांधकडे वळले, की महामार्गावरच्या ट्रकांची घरघर मागे पडते. मग धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेते), त्यांच्या मधून जाणारी पांदण, मोह-पळस-ऐनाची झाडी, एखादी लहानशी बोडी (छोटे तळे) आणि पुन्हा झाडी, असा क्रम किलोमीटरमागून किलोमीटर चालू राहतो. नवेगावबांधचा तलाव डोंगरांच्या कुशीत पसरलेला आहे. शिवनीबांध, सिरेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा ही नावे पक्षीनिरीक्षकांना ठाऊक असतात, धावपटूंना मात्र फारशी नसतात. नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात पायी फिरण्याची परवानगी नाही आणि ती नसावीच. पण गावांना जोडणारे रस्ते, पांदणी आणि जंगलाबाहेरच्या तलावांच्या पाळी एवढ्यावरही वीस-पंचवीस किलोमीटरची लांब धाव सहज बेतता येते, आणि तीत चढ-उतार बेताचेच असल्यामुळे नवख्यालाही दम राखून पळता येते.

या पाळी आल्या कुठून, हे मागणी करणाऱ्यांनी आधी समजून घ्यायला हवे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने या भागात तलाव बांधण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. नवेगावचा तलावही कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे परंपरेने सांगतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी, संपुष्टात आली, तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणून सरकारी कागदांत त्यांची नोंद झाली. लोक त्यांना सरळ ‘मामा तलाव’ म्हणतात. मालकी बदलली तशी देखभालीची जबाबदारीही गावाच्या हातून निसटत गेली, गाळ साचत गेला, बेशरमची झुडपे काठावर माजली, आणि आज ज्या पाळीवरून आपण धावतो तिची डागडुजी नेमकी कोणी करायची हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी अधांतरीच आहे.

पाळ म्हणजे मातीचा बांध, आणि मातीचा बांध सतत किंचित हलत, दबत असतो. पावसाळ्यात ती भिजून फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, उंदीर-घुशी आणि खेकडे तिच्यात बिळे करतात, एखादे मोठे झाड वाळले की त्याच्या कुजलेल्या मुळांच्या पोकळीतून पाणी वाट शोधते. यातली प्रत्येक गोष्ट उघड्या मातीवर दिसते. पाळीवरून रोज जाणारा गुराखी किंवा ढिवर (मासेमार) भेग दिसली की गावात सांगतो, आणि वेळेवर माती टाकली तर पाळ वाचते. त्याच पाळीच्या माथ्यावर ब्लॉक बसवले की भेगा, खचलेली जागा, बिळांची तोंडे सगळी झाकली जातात आणि बिघाड कळतो तो मोठ्या पावसात, पाळ फुटायच्या बेताला आल्यावर. शिवाय खालची माती जागोजागी कमी-अधिक दबणार हे ठरलेलेच असल्यामुळे ब्लॉक एकसारखे राहत नाहीत; दोन पावसाळ्यांत त्यांच्या कडा वर येतात, सावलीतल्या भागावर शेवाळ धरते, आणि घोटा मुरगळण्याची सोय सार्वजनिक खर्चाने होते.

धावणाऱ्याच्या पायांचा विचार केला तरी निष्कर्ष तोच निघतो. डांबरी रस्त्याला पाणी वाहून जाण्यासाठी दोन्ही कडांना उतार दिलेला असतो, त्यामुळे नेहमी एकाच कडेने पळणाऱ्याचा एक पाय सतत खालच्या पातळीवर पडत राहतो. मातीच्या पाळीवर तसे होत नाही, आणि तिथली जमीन इतकी थोडी-थोडी बदलत असते की प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा वेगळे पडते व घोट्याभोवतीच्या लहान स्नायूंना खरे काम मिळते. स्वीडनच्या गोस्टा होल्मर या प्रशिक्षकाने १९३० च्या दशकात फार्टलेक ही सरावाची पद्धत रूढ केली, ती ट्रॅकवरच्या ठरीव फेऱ्यांऐवजी मोकळ्या निसर्गातल्या वाटांवर, मनाच्या कौलानुसार कधी वेगाने तर कधी सावकाश पळण्याची होती. त्याच देशाच्या गुंडर हॅगने जंगलवाटांवर आणि बर्फात भरपूर सराव केला आणि १९४५ मध्ये एक मैल ४ मिनिटे १.४ सेकंदांत पार केला. तो जागतिक विक्रम १९५४ पर्यंत टिकला. थोडक्यात, उत्तम धावपटू घडायला गुळगुळीत फरसबंदी लागते ही समजूत निराधार आहे. फार्टलेकसाठी झाडी, पाणी आणि मऊ वाट लागते, आणि ती आपल्याकडे आयती आहे.

दिव्यांचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो. हिवाळ्यात या तलावांवर स्थलांतरित बदके उतरतात. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तोही मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्यात, आणि पावसाळ्यात तो धानाच्या बांध्यांतच घरटे करतो. अशा ठिकाणी काठावर रात्रभर प्रखर प्रकाश सोडायचा आणि त्याच समारंभात पक्षी वाचवण्याचे फलक लावायचे, यातली विसंगती लक्षात यायला पक्षितज्ज्ञ असावे लागत नाही. पाळ ही केवळ आपली नाही, हेही विसरून चालणार नाही. पाळीवरून गुरे जातात, तिच्या आडोशाला ढिवर जाळी सुकवतात, एखाद्या झाडाखाली गावाचा देव असतो, आणि तलावावर गावाचा निस्तार हक्क (वापराचा परंपरागत हक्क) असतो. रेलिंग लावून ती ‘ट्रॅक’ केली, की गुराख्याला हटकणारा चौकीदार पुढच्याच अंदाजपत्रकात येतो.

अंधारात धावायचे म्हणून दिवे हवेत, असे म्हणणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच की या भागात अंधारात धावूच नये. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, तो खायला अस्वले पहाटेच येतात आणि तो वेचायला बायाही भल्या पहाटे निघतात. मोहवेचणाऱ्यांवरच्या हल्ल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात. गरज म्हणून जाणाऱ्या त्या बायांची जोखीम आपण हौसेखातर पत्करण्यात कसलेही शौर्य नाही. चांगले उजाडल्यावर निघावे, कानांत इअरफोन घालू नयेत, सोबतीला कोणी असावे, आणि वाटेत भेटणाऱ्याला ‘पुढे काही दिसले का’ एवढे विचारावे. कुठली वाट आज टाळायची, हे त्याच्याइतके नेमके कोणतेही ॲप सांगत नाही. रोवणीच्या दिवसांत निसरड्या धुऱ्यांवरून (शेताच्या बांधांवरून) पळू नये, कारण पडलात तर तुमचा गुडघा जातोच आणि शेतकऱ्याचा धुराही फुटतो. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. धान कापून झालेले असते, पांदणी वाळलेल्या असतात आणि गोंदियाची थंडी विदर्भात सर्वांत कडक म्हणून प्रसिद्धच आहे.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. वयस्कर माणसे, गुडघेदुखीचे रुग्ण आणि एकट्याने फिरायला कचरणाऱ्या स्त्रिया यांना सपाट, उजेडाची आणि वर्दळीतली जागा हवी असते, आणि ती मिळणे हा त्यांचा हक्कच आहे. पण ती जागा गावाबाहेरची निर्जन पाळ कशी असू शकेल? शाळेच्या मैदानाभोवती किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेत मुरमाची दाबलेली फेरी आखली, दोन दिवे आणि चार बाक ठेवले, तर कमी पैशांत त्यांची सोय होते आणि संध्याकाळी पोरेही तिथे पळतात. सौंदर्यीकरणाचा जो निधी उरेल, तो गाळ काढायला, बेशरम उपटायला आणि पावसाळ्याआधी पाळीवर माती चढवायला वापरावा. आमच्या धावगटाने पुढचे निवेदन याच मजकुराचे द्यावे असा प्रस्ताव मी मांडला आहे; ज्यांना पटते त्यांनी आपापल्या ग्रामसभेतही तो ठेवावा.