परसातल्या कोंबड्या आणि त्यांचा शेवटचा दिवस : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

खाण्यासाठी ब्रॉयलर कोंबड्या घरी वाढवून त्या घरीच कापण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण दिलेली प्रतिक्रिया मी नीट वाचली. आपले म्हणणे असे, की सहा आठवडे ज्या हाताने दाणापाणी दिले त्याच हाताने त्या जिवाला कापणे ही क्रूरता आहे आणि खायचेच असेल तर हे काम दुकानदारावर सोडावे. ब्रॉयलर इंजेक्शनांवर वाढवलेली असल्यामुळे घरी सांभाळल्याने ती शुद्ध होत नाही, वस्तीत कोंबड्या ठेवणे म्हणजे बर्ड फ्लूला आमंत्रण आहे, आणि एवढे करून मांस स्वस्तही पडत नाही, असेही आपण म्हणता. लेखातील कापणीचे वर्णन काढून टाकावे, अशी आपली शेवटची सूचना आहे.

खर्चाचा मुद्दा आधी संपवते, कारण त्यात आपला मतभेद नाही. व्यावसायिक शेडमध्ये ब्रॉयलर पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य खाऊन एक किलो वजन धरते. परसात सांडलवंड होते, रात्री ऊब कमीजास्त होते आणि हे प्रमाण दोन किलोवर जाते. दोन किलोचा पक्षी सोलून साफ केल्यावर 1.3 ते 1.4 किलो मांस हाती येते. म्हणजे एक किलो मांसामागे जवळजवळ तीन किलो खाद्य पडते, आणि तेही किरकोळ भावाने घेतलेल्या पोत्यातले. पिल्लाची किंमत आणि बल्बची वीज वेगळी. ज्यांना केवळ स्वस्त मांस हवे आहे त्यांनी ते दुकानातूनच घ्यावे.

इंजेक्शनांचा समज आमच्या गावातही घट्ट रुजलेला आहे. ही इंजेक्शने वाढीच्या संप्रेरकाची (हार्मोनची) असतात असे मानतात, पण हे संप्रेरक प्रथिन असते. ते खाद्यातून दिले तर पोटात पचून जाते, आणि टोचायचे ठरवले तर पाच-दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये प्रत्येक पक्ष्याला पुन्हा पुन्हा टोचावे लागेल, जे कोणत्याही शेतकऱ्याला परवडणार नाही. ब्रॉयलरची वाढ आली आहे ती पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी 1957 आणि 1978 सालच्या जपून ठेवलेल्या जाती आणि 2005 सालची व्यापारी जात एकत्र वाढवल्या. तिन्ही गटांना सारखेच खाद्य दिले होते. छप्पन्नाव्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे 905 ग्रॅम, 1,808 ग्रॅम आणि 4,202 ग्रॅम भरली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात फरक फक्त वंशाचा होता.

मात्र आपली शंका चुकीच्या जागी असली तरी निराधार नाही. काळजी करण्यासारखी गोष्ट आहे ती प्रतिजैविकांची. पिल्ले आणली की पहिल्या दिवसापासून पाण्यात अमुक औषध घाला, असा सल्ला खाद्याच्या दुकानात सहज दिला जातो, आणि पिल्ले आजारी नसतानाही तो पाळला जातो. माणसांच्या उपचारात अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले कोलिस्टिनसुद्धा कोंबड्यांना दिले जात होते. केंद्र सरकारने 2019 मध्ये खाद्यप्राण्यांसाठी त्यावर बंदी घातली. घरी पाळण्याचा एक ठोस लाभ येथे आहे : पक्ष्याच्या पोटात काय गेले हे आपल्याला ठाऊक असते. पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय आम्ही औषध देत नाही, आणि दिले तर त्यांनी सांगितलेला विरामाचा काळ, म्हणजे औषध अंगातून निघून जाण्यासाठी थांबायचे दिवस, पूर्ण झाल्याशिवाय त्या पक्ष्याला हात लावत नाही.

ब्रॉयलरविषयीचा याहून गंभीर आक्षेप आपण घेतलेला नाही. तो मीच नोंदवते. या वेगवान वाढीची किंमत पक्षी भोगतो. पायांवर वजन पेलत नाही, हृदय आणि फुप्फुसे कमी पडतात, आणि कोकणातल्या दमट उन्हाळ्यात धाप लागून तो दगावतो. म्हणून आम्ही एप्रिल-मेमध्ये पिल्ले आणत नाही, आणि वजन वाढते आहे म्हणून सहा आठवड्यांच्या पुढे पक्षी ठेवत नाही. ज्यांच्याकडे जागा आणि धीर आहे त्यांनी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज किंवा बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज पाळावी, असे मी आग्रहाने सांगते. त्यांना तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, पण त्या चालतात, उकरतात, धुळीत अंग घोळतात, म्हणजे कोंबडीसारख्या जगतात.

रोगाबद्दल आपली भीती मला पटते. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला कोंबड्यांमधील पहिला बर्ड फ्लू आढळला, आणि जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात तो पुन्हा दिसला. अशा वेळी बाधित ठिकाणाभोवतीच्या ठरावीक परिघातले सगळे पक्षी नष्ट केले जातात आणि त्यातून परसातल्या कोंबड्याही सुटत नाहीत. तेव्हा पंधरा-वीस पक्षी पाळणाऱ्याची जबाबदारी पंधरा हजार पाळणाऱ्याहून वेगळी नसते. पिल्लांच्या खोलीत जाताना वेगळ्या चपला घालाव्यात, बदके आणि रानपक्षी खाद्यापाण्यापासून दूर ठेवावेत, बाजारातला जिवंत पक्षी आणून कळपात सोडू नये. दोन-तीन पक्षी अचानक मेले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेला किंवा आजारी पक्षी कापून खाऊ नये आणि ओढ्यात तर कधीही फेकू नये. हे पाळणे ज्याला त्रासाचे वाटते त्याने कोंबड्या पाळू नयेत, यावर मी आपल्याइतकीच ठाम आहे.

परसात रोज गाठ पडते ती मात्र बर्ड फ्लूशी नाही, मानमोडीशी (राणीखेत रोगाशी) आणि रक्ती हगवणीशी. मानमोडीसाठी पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात घालावा, दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस द्यावी आणि चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा द्यावी. रक्ती हगवण येते ओल्या गादीतून. आमच्याकडे भाताच्या तुसाची दोन-तीन इंचांची गादी असते. पावसाळ्यात ती रोज खालीवर करावी लागते आणि पाण्याच्या भांड्याभोवतालचा भिजलेला तूस काढून टाकावा लागतो. खोलीत शिरताच डोळे चुरचुरले तर समजावे की पक्षी दिवसभर त्याच हवेत आहेत. वस्तीत दुर्गंधी पसरते असे आपण लिहिले आहे; ती पसरते तिथे पक्ष्यांनीही ती आधी सोसलेली असते.

आता मुख्य आक्षेप. प्रेमाने वाढवलेला जीव आपल्याच हाताने कापणे ही क्रूरता, असे आपण म्हणता. जे मांस खातच नाहीत त्यांच्या या म्हणण्यापुढे माझ्याकडे युक्तिवाद नाही, आणि मी तो करूही इच्छित नाही. पण आपण दुकानातून घ्यावे असे सुचवता, तेव्हा प्रश्न मारावे की नाही हा राहत नाही. कोणी, कसे मारावे हा राहतो. दुकानात येणारा पक्षी रात्री पायाला धरून गाडीत भरलेला असतो, जाळीच्या पिंजऱ्यात कोंबून आणलेला असतो, अनेकदा दुचाकीच्या दोन्ही बाजूंना उलटा लटकत आलेला असतो. तिथे त्याच्यासमोर दुसरे पक्षी कापले जातात. मान कापून त्याला पिंपात टाकतात आणि तो आत फडफडत राहतो, कारण बाहेर गिऱ्हाईक खोळंबलेले असते. कापणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. दिवसाला शेकडो पक्षी कापणाऱ्या हाताकडून सावकाशीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण ही सावकाशीच पक्ष्याची वेदना कमी करते, आणि ती घरी शक्य असते.

ती कशी, हे पुन्हा लिहिते, कारण लेखातला हाच भाग आपण काढायला सांगता. आदल्या रात्री खाद्य बंद करावे आणि पाणी चालू ठेवावे. आठ ते बारा तासांत दाण्याची पिशवी आणि आतडी रिकामी होतात. त्याहून जास्त उपाशी ठेवले तर पक्ष्याचे हाल होतात आणि आतडीही नाजूक होऊन साफ करताना फाटतात. पक्षी पहाटेच्या अंधारात धरावा, कारण उजेड कमी असला की तो शांत असतो. दोन्ही पंख अंगाशी धरून दोन्ही हातांनी उचलावा. एका तंगडीला धरून उचलल्यास सांधा निखळतो. इतर पक्ष्यांना दिसणार नाही अशा जागी भिंतीला शंकू टांगलेला असावा. पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनचा तळ आणि तोंड कापले की तो तयार होतो. त्यात डोके खाली घालून ठेवलेला पक्षी पंख पसरू शकत नाही, स्वतःला इजा करून घेत नाही आणि बहुधा निमूट राहतो. सुरी अत्यंत धारदार हवी. जबड्याच्या लगत खाली, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एकाच निश्चयी हालचालीत कापल्या गेल्या पाहिजेत. तसे झाले तर काही सेकंदांतच पक्षी शुद्ध हरपतो. त्यानंतर दिसतात ते शरीराचे झटके असतात. हात कचरला किंवा सुरी बोथट असली तर मात्र आपण म्हणता ती क्रूरता घडते. म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच करावे, आणि ज्याचे मन तयार होत नाही त्याने मुळीच करू नये.

आमच्या भागात राखण द्यायची रीत जुनी आहे. वर्षातून एकदा शेताच्या राखणदार देवाला कोंबडा दिला जातो. काही वाचकांनी माझ्या बाजूने याच परंपरेचा दाखला दिला आहे. तो मला पुरेसा वाटत नाही, कारण रीत जुनी असल्याने पक्ष्याची वेदना कमी होत नाही, आणि देवापुढे बोथट कोयता चालवणारेही मी पाहिले आहेत. 1960 चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा मला याबाबतीत अधिक नेमका वाटतो : अन्नासाठी प्राणी मारणे हा त्यात गुन्हा नाही, मात्र त्यात अनावश्यक वेदना दिली तर तो गुन्हा ठरतो.

कापल्यानंतरची स्वच्छताही तितकीच महत्त्वाची आहे, आणि ‘घरचे म्हणजे सुरक्षित’ ही समजूत मला घातक वाटते. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू निरोगी दिसणाऱ्या घरच्या कोंबडीच्या आतड्यातही असतात. दोन-तीन मिनिटे रक्त निथळू द्यावे. कातडीसह हवी असेल तर साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात मिनिटभर बुडवून पिसे उपटावीत. पाणी उकळते असेल तर कातडी शिजून फाटते. आतडी न फुटू देता एका ओढीत बाहेर काढावी, पित्ताची पिशवी कलेजीपासून जपून वेगळी करावी आणि मांस ताबडतोब बर्फाच्या पाण्यात घालावे. गावठी रीतीप्रमाणे तासाभरात चुलीवर चढवू नये. शरीर ताठरण्याच्या त्या अवस्थेत शिजवलेले मांस चिवट होते. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले मांस मऊ शिजते. पिसे आणि आतडी कुत्र्यांना उकरता येणार नाहीत इतक्या खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.

मुलांविषयी आपण विचारले आहे. आम्ही त्यांना कापणीच्या वेळी जवळ बोलावत नाही, आणि त्यांनी विचारले तर खोटेही सांगत नाही.

आपल्या सूचनेचा विचार करून लेखाच्या आरंभी ‘पुढे कापणीचे सविस्तर वर्णन आहे’ अशी ओळ घातली आहे, म्हणजे ज्यांना ते वाचायचे नाही त्यांना तिथेच थांबता येईल. वर्णन मात्र काढणार नाही. पिल्ले कुठे मिळतात, बल्ब किती उंचीवर टांगावा, याची माहिती कोणीही देते, आणि ती वाचून पिल्ले आणणारा माणूस सहाव्या आठवड्यात, कोणीच काही न सांगितल्यामुळे, स्वयंपाकघरातली भाजी चिरायची सुरी घेऊन परसात उभा राहतो. तो भाग त्याच्यासाठी लिहिलेला आहे.