पाळीत दिवस जात नाहीत म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

परवा भाकरी थापताना धाकटी जाऊ हळूच म्हणाली, अक्का, चौथ्या दिवशी झालं तर काय होत नाही ना, ग्रुपवर तसं आलंय. बघितलं तर तोच मेसेज, महिनाभर आमच्या तासगावात फिरतोय. पाळीत संबंध आला की नवऱ्याची ताकद जाते, घाण रक्त उलटं चढून पिशवीला कॅन्सर होतो, रोग लागतात, आणि सगळ्यात खाली, 'त्या दिवसांत दिवस जात नाहीत, निरोध-गोळीची गरज नाही.'

या शेवटच्या ओळीनं डोकं सणकलं. अहो, शुक्राणू बाईच्या अंगात ५ दिवस जगू शकतात, आणि बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे जिची पाळी २२ दिवसांनी येते तिचं बीज आठव्या दिवसाच्या आसपासच सुटणार, मग चौथ्या दिवशीच्या संबंधातनं दिवस का नाही जाणार? ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००० साली विलकॉक्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आलाय, २१३ बायकांच्या ६९६ पाळ्या, रोजची लघवी तपासून. त्यांच्या हिशोबानं चौथ्या दिवशीच २ टक्के बायका गर्भ राहू शकेल अशा काळात होत्या, सातव्या दिवशी १७ टक्के. ज्यांची पाळी पुढंमागं होते त्यांनी तर या 'सेफ' दिवसांवर अजिबात विसंबू नये.

कॅन्सरचं म्हणाल तर गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूनं होतो, त्या शोधाला २००८ चं नोबेल मिळालंय. थोडं रक्त उलटं जाणं बहुतेक बायकांत होतंच, संबंध असो नसो. आणि ते घाण नसतं, रक्त आणि पिशवीचं अस्तर असतं. नवऱ्याची ताकद वगैरे शुद्ध थोतांड.

रोगाचं मात्र अर्धं खरंय, मानावं लागतं. दोघांपैकी कुणाला एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी ही कावीळ असेल तर रक्तामुळं धोका वाढतो. पण त्यावर उपाय निरोधच ना, जो हाच मेसेज नको म्हणतोय! आणि पोटात कळा येत असताना बायको नको म्हणाली तर विषय तिथंच संपला.

जावेला विचारूनच लिहितेय, तिची पाळी २२-२३ दिवसांनीच येते. दुसऱ्या दिवशी बोलली म्हणून मेडिकलमधनं इमर्जन्सी गोळी आणता आली, ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावी लागते. ज्यांनी हा मेसेज पुढं ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर, तो चुकीचा होता असं आजच लिहावं.