वर्गणी भरली, अंक नाही

काल संध्याकाळी कोथरूडच्या एका पोळीभाजी केंद्रात चारचौघांसमोर माझी अक्कल काढली गेली. काढणारे गृहस्थ सहा पोळ्या आणि पाव किलो मटकीची उसळ न्यायला आले होते.

केंद्र मावशीचं. ऑर्डर पडली की काउंटरवरच्या टॅबवर ती आपोआप उमटून घंटी वाजणार, रिफ्रेश-बिफ्रेश काही नाही, असा माझा शब्द होता. घरी डेटाबेसातल्या ‘टेस्ट’ नावाच्या टेबलवर, म्हणजे नोंदींच्या तक्त्यावर, सगळं मस्त टुणटुणत होतं. इथे शुकशुकाट. कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या नोंदींच्या खिडकीत, मात्र ठसठशीत ‘सबस्क्राइब्ड’. एरर आली असती तर निदान तिच्यावर तरी चिडता आलं असतं.

"काय अडलंय?" काकांनी पिशवी टॅबवरच टेकवली.

"काही नाही हो. सबस्क्राइब केलंय, पण डेटा येत नाहीये."

"म्हणजे वर्गणी भरलीस?"

"...हो."

"पावती?"

पावती होती. कन्सोलमध्ये.

"मग अंक छापायला दिलाय का?"

"काका, हे वेबसॉकेट आहे, सर्व्हरशी कायम उघडी राहणारी जोडणी. मासिक नाही."

"तेच ते. एकतीस वर्षं पोस्टात काढली मी. लोक भांडायला यायचे, पोस्टमन अंक ढापतो म्हणून. अरे, संपादकाने अंकच काढलेला नसायचा! शिव्या आम्हाला." मग बुकपोस्टचे दर, फाटकी वेष्टनं, ऐन दिवाळीतल्या गोण्या. मागे रांग वाढत होती. मावशी तव्यावरून ओरडली, "अरे, ऐक जरा त्यांचं!"

आणि इथेच माझा खरा राग आहे. पोस्टग्रेस या माझ्या डेटाबेसमध्ये २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीपासून अंक छापायला देण्याच्या या भानगडीला खरोखरच ‘पब्लिकेशन’ म्हणतात. ज्या टेबलांचे बदल बाहेर पाठवायचे, ती त्यात घालावी लागतात. मी ‘टेस्ट’ घातलं होतं, ‘ऑर्डर्स’ विसरलो होतो. ‘सबस्क्राइब्ड’चा अर्थ इतकाच, की चॅनेल जोडला गेलाय. त्यावरून काही येणार की नाही, ते त्यात नसतं. ‘अल्टर पब्लिकेशन’ची एक ओळ टाकली, टॅबवरून नवी ऑर्डर टाकली. टुण्ण. काकांनी मान वर केली नाही. "पोळ्यांना तूप नको," एवढंच.

त्यात रात्री कोणीतरी ऑर्डर रद्द केली. टॅबवर आलं : ‘४१२ रद्द’. बास. ओळ डिलीट झाली की पोस्टग्रेस आपणहून फक्त तिची प्रायमरी की, म्हणजे ओळखक्रमांक, कळवतं. बाकी तपशील हवा तर ‘रेप्लिका आयडेंटिटी फुल’ करून ठेवायचं. ते मी कशाला केलंय! "४१२ म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बाई की ते वकील?" मावशी लाटणं हातात घेऊन विचारत होती. दोघांचाही डबा भरला. वकिलांनी परत पाठवला.

आज दुपारी वायफाय दहा मिनिटं गेलं. परत आल्यावर चॅनेल गुपचूप जोडला गेला, पण मधल्या तीन ऑर्डरींचा पत्ता नाही. हा प्रकार घडून गेलेलं पुन्हा सांगत नाही. जोडणी परत झाली की अख्खी यादी आपणच मागवायची असते. ते लिहीत बसलो होतो, तेवढ्यात पिशवी टॅबवर टेकली.

"काय, मागचे अंक मिळत नाहीत ना?"

मावशीने त्यांच्याकडून उसळीचे पैसे घेतले नाहीत. माझ्या डब्याचे नव्वद रुपये घेतले, आणि भाजीत मीठ नव्हतं.