ड्रिलच्या पोटावरची पट्टी

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका फोटोवरून तीन दिवस वाद चालला. बेळगावात अनगोळला फर्निचरचं काम करणाऱ्या माझ्या चुलत भावाने, दादाने, नवं हॅमर ड्रिल घेतलं. नाव जर्मन, दुकान ओळखीचं, बिल पक्कं. घरी आणून उलटं केलं तर पोटावरच्या पट्टीवर ‘मेड इन चायना’. फसवणूक झाली, असं दादाचं म्हणणं. आतेभावाने चिनी मालावरच्या बहिष्काराचा २०२० सालचा मेसेज पुन्हा टाकला. काकांनी आपलं पंचवीस वर्षांपूर्वीचं मशीन माळ्यावरून काढून त्याचा फोटो पाठवला. शेवटी सगळे माझ्याकडे वळले: “तू तिथंच राहतोस की. येताना ओरिजिनल जर्मन एक आण.”

मी तिथंच, जर्मनीत, राहतो हे अगदी खरं. विजेवर चालणारं, हातात धरायचं पहिलं ड्रिल १८९५ साली फाइन कंपनीने स्टुटगार्टात बनवलं. आज माझ्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरात लाइनफेल्डनला बॉशच्या पॉवर टूल्सचं मुख्यालय, न्युर्टिंगनला मेटाबो आणि वेंडलिंगनला फेस्टूल आहे. या धंद्याची ही पंढरीच. आणि याच पंढरीतल्या दुकानात मशीन उलटं करून पाहिलं, की पट्टीवर कधी मलेशिया, कधी हंगेरी, कधी चीन. बॉशचे कारखाने मलेशियात पेनांगला, हंगेरीत मिश्कोल्त्सला आणि चीनमध्ये हांगचौला आहेत. मेटाबोचा एक कारखाना न्युर्टिंगनला, दुसरा शांघायला. फेस्टूलचा काही माल इथल्या नाइडलिंगनमध्ये बनतो, काही चेक देशात. इथला सुतार त्यावर रोज काम करतो. पट्टी वाचून नाक मुरडणारे इथेही आहेत, पण घेताना तो विचारतो ते वेगळंच: गॅरंटी किती, सुटे भाग किती वर्षं मिळतील, दुरुस्तीला दिलं तर किती दिवसांत परत येईल?

हे प्रश्न मी स्वतः उशिरा शिकलो. नऊ वर्षांपूर्वी दादाच्याच हट्टाने मी इथून एक जड ड्रिल बॅगेत घालून नेलं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, पण पट्टीवर खरोखर जर्मनी होतं. तीन वर्षं ते झकास चाललं, मग गिअरचे दात गेले. बेळगावच्या सर्व्हिस सेंटरवर सांगितलं, हे मॉडेल भारतात विकलं जात नाही, पार्ट नाही, गॅरंटीही इथे लागू नाही. मी इथून एकदा गिअर पाठवला. दुसऱ्यांदा गेला तोवर इथेही ते मॉडेल बंद झालं होतं. तेव्हापासून ते माळ्यावर पडून होतं. त्याच काळात दादाने गावात घेतलेलं साधं ड्रिल दोनदा कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे झिजते ब्रश, बदलून आणि एकदा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, नव्या तारेने भरून घेऊन आजही चालतंय.

मशीनची जात ठरते ती आतल्या मालावर. मोटरमधल्या तारेचे वेढे तांब्याचे की अॅल्युमिनियमचे, शाफ्टला बेअरिंग आहे की नुसता बुश, म्हणजे साधी नळी, गिअरला उष्णतेचे संस्कार, म्हणजे हार्डनिंग, नीट झालेत की नाही, धूळ आत जाऊ नये म्हणून काय केलंय. हे सगळं ठरवतो तो किंमत आखणारा माणूस, आणि तो बहुतेक वेळा कारखान्यापासून हजारो मैलांवर बसलेला असतो. एकाच कारखान्यातून घरगुती वापराचं हलकं मशीनही निघू शकतं आणि दिवसभर काँक्रीट फोडणारंही. युरोपात बॉशचा हिरवा माल घरच्यांसाठी आणि निळा कारागिरांसाठी. हिरवं घेऊन दिवसभर स्लॅब फोडायला लावलं तर ते जळेलच, मग ते कुठेही बनलेलं असो. आपल्या बाजारात ‘चायना माल’ म्हणून जे हिणवलं जातं, ते बहुधा बिननावाचं नाहीतर नकली नाव छापलेलं मशीन असतं. ते वाईट असतं कारण त्याच्यामागे कोणी जबाबदार उभा नसतो.

‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का तरी कुठून आला? ब्रिटनने १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर मूळ देशाचं नाव छापायला लावलं, कारण जर्मनीतल्या झोलिंगनची पाती इंग्लंडमधल्या शेफील्डची म्हणून खपवली जात होती. शिक्का लावला तो ग्राहकाने सावध व्हावं म्हणून. त्याआधी, १८७६च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात, रूलो या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाने आपल्याच देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटलं होतं. पुढच्या पिढीत त्याच शिक्क्याला भाव आला. माती तीच होती, काम बदललं.

आपल्या बेळगावच्या लोकांना हे मी सांगायला नको. किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती बेळगावातच. त्यांचे लोखंडी नांगर आधी खपेनात, कारण लोखंडाने जमिनीत विष उतरतं असं शेतकरी मानत. पुढे १९१० साली कारखाना किर्लोस्करवाडीला गेला. आज बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक भागांतल्या फाउंड्रीत ओतलेलं कास्टिंग कुणाच्या तरी इंजिनात, कुणाच्या तरी पंपात जातं आणि वर नाव दुसऱ्याचं लागतं. हत्तरगीला एअरबसच्या विमानांचे भाग बनतात. मी ज्या विमानाने घरी येतो त्यात हुक्केरी तालुक्यातल्या कुणाच्या हातचा एखादा तुकडा असूही शकेल. त्याची तपासणी मायक्रॉनमध्ये होते, गावाच्या नावावर होत नाही. ज्या गावाचं पोट अशा कामावर चालतं, त्या गावाने पट्टीवरचा देश वाचून मशीनची लायकी ठरवावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आतेभावाचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. चिनी माल घ्यायचा नाही, इथल्या हाताला काम मिळावं, असं वाटणं रास्त आहे. १९२४ साली बेळगावच्या टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा सभासदाने महिन्याला २,००० वार सूत द्यावं असं ठरलं. खादी गिरणीच्या कापडापेक्षा जाडीभरडी होती हे सगळ्यांना दिसत होतं. तरी ती घातली, आणि का घालतो ते उघड सांगितलं. मँचेस्टरचं कापड विरतं असं खोटं कारण पुढे करावं लागलं नाही. आतेभावानेही तसंच सांगावं. मेसेजमध्ये ‘चिनी मोटर फुटते’ असं लिहिण्याची गरज नाही. बॉशचा कारखाना चेन्नईजवळ ओरगडमलाही आहे. देशात बनलेलंच हवं असेल तर दुकानदाराला तेच मॉडेल दाखवायला सांगता येतं.

दादाला मी कळवलंय, मशीन परत करू नकोस. बिल जपून ठेव, नंबर कंपनीकडे नोंदव, आणि या मॉडेलचं आर्मेचर नि गिअर गावात मिळतं का ते आजच विचारून ये. मिळत असेल तर कार्बनची एक जोडी घेऊनच ये.

माळ्यावरचं ते जर्मन ड्रिलही त्याने खाली काढलंय. उद्यमबागेत गिअर कापणारा माझा शाळेतला मित्र आहे, तो दातांची मोजमापं घेऊन गेला. फोनवर म्हणाला, “हेलिकल आहे, तिरक्या दातांचा, होईल की. पण हार्डनिंग मी बाहेरून करून घेणार, घाई करू नको.” डिसेंबरात मी येईन तेव्हा ते चालू करून बघणार आहोत.