गाडी दम खाते

आमच्या गाडीला चढ मानवत नाही. सपाटीवर ती अगदी शहाण्यासारखी चालते. पुण्यात कर्वे रस्त्यावर तिच्यात काही खोट आहे असं कुणाला वाटणारही नाही. अर्थात कर्वे रस्त्यावर कुठल्याच गाडीला वेग घेऊन आपली खोट दाखवायची संधी मिळत नाही. पण रस्त्याने जरा मान वर केली की ही दम खायला लागते. ॲक्सिलरेटर दाबला की झटके मारते, आणखी दाबला की दबते, आणि वैतागून पाय काढला की उपकार केल्यासारखी दोन पावलं पुढे सरकते.

गाडी २००२ सालची. पंधरा वर्षं झाल्यावर २०१७ मध्ये तिच्या नोंदणीचं नूतनीकरण केलं तेव्हा फी ६०० रुपये होती. २०२२ मध्ये पुन्हा संगम पुलाजवळच्या आरटीओत गेलो तर त्याच कामाचे ५,००० झाले होते. एवढे पैसे भरून म्हातारपण अधिकृत करून घेतल्यावर माणूस गाडी विकत नाही. हट्टाला पेटतो.

पहिला मोठा अपमान एआरएआयच्या चढावर झाला. वेताळ टेकडीवर ही १९६६ साली स्थापन झालेली वाहन संशोधनाची संस्था आहे, देशभरातल्या नव्या गाड्या तपासणीला तिथे येतात, आणि त्याच रस्त्यावर आम्ही पहाटे फिरायला निघालो असताना आमचं वाहन उभं राहिलं. मागून येणारे एक गृहस्थ काच वाजवून म्हणाले, "चोक ओढा."

"हिला चोक नाही हो. तो जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना. ही इंजेक्शनची आहे."

"चोक नाही? मग कशी चढणार!" असं म्हणून ते झपाझप वर निघून गेले. प्रश्न त्यांच्यापुरता मिटला होता.

नंतर साताऱ्याला जाताना खंबाटकीत तिने पुन्हा मान टाकली. मागे ट्रकांची रांग, शेजारी मेव्हणा. परत येताना मात्र गाडी सुरळीत आली. जाताना घाट होता आणि येताना बोगदा, हे साधं कारण मी सांगत होतो, पण मेव्हण्याने निदान करून टाकलं होतं: "भाऊजी, तुम्ही जाताना घाबरून चालवता. गाडीला कळतं." मेव्हण्याच्या प्रत्येक निदानाचा शेवट 'नवी घ्या' इथेच होतो, मग सुरुवात मानसशास्त्रातून होवो की प्रदूषणातून.

तळमजल्यावरचे काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांचं मत असं की दोष टाकीच्या झाकणात आहे. झाकणातून हवा आत गेली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल पुढे यायला कां-कूं करतं. यात तथ्य आहे, तसं होऊ शकतं, म्हणून मी झाकण सैल ठेवून सेनापती बापट रस्त्याचा चढ चढून पाहिला. झटके तसेच. फक्त आता त्यांना पेट्रोलचा वास होता. शंभराच्या वर भाव गेलेल्या पेट्रोलचा तो वास घेत बायको म्हणाली, "अहो, हे उडतंय ते आपलंच ना?"

मग गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. तिथे थंडगार खोली, कॉफीचं यंत्र, आणि टॅब घेतलेला एक नम्र मुलगा. कुठल्याशा जुन्या कपाटातून आमच्या गाडीला बसणारी वायर शोधून त्यांनी बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला.

"सर, कोड काहीच येत नाहीये."

"पण गाडी चढत नाही."

"सर, तसा कोड नाहीये."

त्याची चूक नव्हती. पेट्रोलचा पंप टाकीतच बुडालेला असतो. तो ढकलतो ते पेट्रोल फिल्टरमधून इंजिनवरच्या रेलपर्यंत, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीपर्यंत येतं, तिथून इंजेक्टर पिचकारी मारतात, आणि उरलेलं, दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरमधून पुन्हा टाकीत जातं. या सगळ्या प्रवासात दाब साधारण तीन बारच्या आसपास टिकावा लागतो. आता गंमत अशी की या वयाच्या गाडीत तो दाब मोजणारा सेन्सरच नसतो. दाब बरोबर आहे हे कॉम्प्युटर गृहीत धरतो आणि त्या भरवशावर इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडायचे ते ठरवतो. ज्याच्याकडे तक्रारच पोचत नाही, त्याला विचारून काय उपयोग? तरी 'कोड नाही' यावर त्यांनी प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली आणि क्लचही बदलून घ्या असं सुचवलं. जुने प्लग पिशवीत घालून हातात दिले. त्यांची टोकं पांढरट पडली होती. इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय हे ते प्लग ओरडून सांगत होते, पण ते टॅबवर दिसत नव्हतं.

झटके कायम राहिले. शेवटी पंपच गेला असणार असं गृहीत धरून मी नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने गाडीचं वर्ष ऐकलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "प्रेशर मोजलंत?"

"नाही. पण पंपच असणार."

"असणार म्हणजे? चावी फिरवल्यावर मागून दोन-तीन सेकंद गुंईऽऽ आवाज येतो का?"

"येतो."

"मग पंप जिवंत आहे. किती जिवंत आहे ते गेज लावून बघा. इलेक्ट्रिकचा माल परत घेत नाही आम्ही." आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आलेल्या गिऱ्हाइकाला माल न विकता परत पाठवायचं, आणि वर त्यालाच उपकृत झाल्यासारखं वाटायला लावायचं, हे कसब पेठांबाहेर कुठे पाहिलं नाही. निघताना त्याने वारज्यातल्या एका मिस्त्रीचा पत्ता मात्र दिला.

मिस्त्री कमी बोलणारा निघाला. मी मेव्हणा, झाकण, स्कॅनर अशी साद्यंत कथा सांगत होतो तोवर त्याने रेलच्या तोंडाशी गेज जोडलंही होतं. इंजिन चालू केलं, काटा तीनच्या जरा खाली. रेस दिली, काटा दोनच्याही खाली. "रिकाम्या गाडीला चालतंय, लोडला पुरत नाही," तो म्हणाला. आमच्या सोसायटीत सकाळी सातला सगळे नळ एकदम सुटले की चौथ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते, तसंच हे. दुपारी बारा वाजता येऊन नळ पाहणाऱ्या प्लंबरला पाणी भरपूर दिसतं. आणि आमची गाडीही आजवर सगळ्यांनी सपाटीवर उभी करूनच तपासली होती.

त्याने फिल्टर बदलला. काटा किंचित सुधारला, तितकंच. मग परतीच्या नळीला चिमटा लावून ती क्षणभर दाबली. रेग्युलेटर खराब असता आणि पंप दणकट असता तर काटा ताडकन वर जायला हवा होता. तो उगाच आपला आळस दिल्यासारखा हलला.

"म्हणजे पंपच ना?" मी, विजयी.

"थांबा काका. पंपाला करंट पुरतोय का ते बघू."

मागची सीट उचलली. पंप चालू ठेवून त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी पंपाच्या अर्थिंगला लावली. तिथे आकडा शून्याच्या आसपास हवा. आला दोनच्या वर. बारा व्होल्टच्या पंपाला वाटेतच उपाशी ठेवत होती ती एक अर्थिंगची तार. त्याने पोऱ्याकडून लांब वायर मागवली, बॅटरीपासून थेट पंपाला जोडली, आणि काटा सरळ तीनवर जाऊन उभा राहिला. रेस दिली तरी हलेना. एवढी निष्ठा मी त्या गाडीत कधी पाहिली नव्हती.

मिस्त्री सीटखाली वाकून, जिथे ती तार पत्र्याला बोल्टने आवळलेली होती तिथलं हिरवट-पांढरं काहीतरी खरवडत होता. त्याने बोट नाकाशी नेलं.

"काका, इथे काय सांडलं होतं?"

सिंहगड. मडक्यातलं दही. पिठलं-भाकरीनंतर मडकी घरी न्यायचा आग्रह मेव्हण्याचा, मागच्या सीटवर मडकी मांडीत धरून बसलेलाही मेव्हणाच, आणि उतारावरच्या वळणाला "काही नाही, थोडंसं" असं म्हणणाराही तोच. त्या थोड्याशाने पावसाळ्यातल्या ओलीबरोबर सीटखाली बसून निवांतपणे तांबं आणि पत्रा खाल्ला होता. मी तिथूनच त्याला फोन लावला. सगळं ऐकून तो म्हणाला, "भाऊजी, नव्या गाड्यांमध्ये सीटखाली असं काही जातच नाही."

बोल्ट घासून, नवी तार टाकून, वर ग्रीस थापून मिस्त्रीने गाडी परत दिली. पंप जुनाच. फक्त टाकी रिझर्व्हवर आणू नका म्हणाला, कारण पेट्रोलमध्ये बुडून राहिला तरच पंप थंड राहतो. मी तसाच एआरएआयच्या चढावर गेलो. तिसऱ्या गिअरमध्ये चढली.

संध्याकाळी सोसायटीत शिरलो तर काका फाटकापाशीच उभे होते. मी अर्थिंग, व्होल्टेज, दही सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग मागे जाऊन टाकीचं झाकण हाताने हलवून पाहिलं.

"घट्ट लावलंयत," ते म्हणाले. "बघा हं. परत त्रास देईल."